शाळेच्या भिंतीवर पाच फलक: मराठवाड्यातले कोणते पत्रकार?

गोदाकाठी
मंडळी, मी माजलगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. यंदा मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातली एक भिंत माझ्याकडे दिली आहे. त्यावर पाच फलक बसतात, सहावा बसत नाही, मोजून पाहिलंय. विषय मीच ठरवला: मराठवाड्यातले पत्रकार आणि वर्तमानपत्रं.

हाच विषय का, तर मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात विचारलं, पत्रकार म्हणजे कोण? एक लेकरू म्हणालं, "माईक घेऊन मंत्र्याच्या मागं पळतो तो." वर्गाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण त्यांनी तेवढंच पाहिलंय. याच भागात छापलेला कागद जवळ सापडला म्हणून माणसं तुरुंगात गेली, हे त्यांच्या कानावरच आलेलं नाही.

माझ्याकडे दोन नावं नक्की आहेत: आ. कृ. वाघमारे आणि अनंत भालेराव. बाकी तीन फलक रिकामे आहेत. कोण घ्यावं, का घ्यावं, ते सांगा. घरातल्या आठवणी असतील तर त्याही लिहा, मुलांना त्याच लक्षात राहतात.

पाटोदेकर
बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२, 'दर्पण'. तिथूनच सुरुवात करावी लागते.

गोदाकाठी
पाटोदेकर, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण दर ६ जानेवारीला त्यांचा फोटो आमच्याकडे लागतो. ही भिंत मला आपल्या मुलखासाठी हवी आहे.

बालाघाट
ताई, वाघमाऱ्यांचं नाव पहिलं घेतलंत, बरं वाटलं. त्यांच्याबद्दल माझ्या आजोबांकडून ऐकलेलं लिहितो.

आमचं गाव परंड्याकडचं, म्हणजे निजामाच्या हद्दीतलं. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. मधे करोडगिरीचा नाका. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं तेच हद्दीबाहेरून, कारण आत राहून असलं काही छापणं शक्य नव्हतं. साधी सभा घ्यायची तरी आधी परवानगी लागायची. त्या हुकमाचं नाव, 'गश्ती निशाण ५३', हे शब्द आजोबा शेवटपर्यंत शिवी दिल्यासारखे उच्चारायचे. सरकारने साप्ताहिकावर बंदी घातली की वाघमारे नाव बदलून तेच पुन्हा काढायचे. नव्या नावावरही बंदी यायची, मग आणखी एक नाव.

आजोबा बार्शीच्या बाजारातून येताना ज्वारीच्या पोत्यात अंक आणायचे. नाक्यावरचा शिपाई पोत्यात काठी खुपसून बघायचा. काठी कागदाला लागली तर आवाज येईल, म्हणून घडी पोत्याच्या अगदी तळाशी, सपाट अंथरलेली. रात्री गोठ्यात कंदिलाच्या उजेडात एक जण वाचायचा, पंधरा-वीस जण ऐकायचे. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. वाचून झालं की अंक चुलीत.

मी लहानपणी एकदा विचारलं होतं, आबा, एखादा तरी ठेवायचा ना. म्हणाले, "ठेवला असता तर मी ऱ्हायलो नसतो."

मोसंबीबाग
बालाघाट, अंगावर काटा आला. हे असंच्या असं फलकावर लिहा.

दख्खनी
माझं एक नाव आहे आणि ते मी आग्रहाने मांडणार. शोएबुल्लाह खान.

हैदराबादला 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक निघायचं, त्याचे ते संपादक. त्याआधी 'तेज'मध्ये होते, नंतर मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत'मध्ये. सरकारने 'रय्यत' बंद पाडलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं 'इमरोज' काढलं. हैदराबादने भारतात सामील व्हावं, असं ते उघड लिहीत होते. मुसलमान असून, उर्दूत, आणि तेही रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, ऐन जोरात. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री काम आटोपून घरी निघाले असताना त्यांना रस्त्यात गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. सोबतचा मेहुणा मधे पडला, तोही जबर जखमी झाला. पहाटेपर्यंत सगळं संपलं. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. पुढच्या चार आठवड्यांत, १७ सप्टेंबरला, संस्थान भारतात आलं. ते त्यांना पाहता आलं नाही.

माझं घर औरंगाबादच्या जुन्या शहरातलं. लहानपणी १७ सप्टेंबर आला की वर्गातली काही पोरं आमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायची, जणू रझाकार आमच्याच घरातून निघाले होते. माझ्या अब्बांनी मला शोएबुल्लाह खानांची गोष्ट तेव्हा सांगितली. मी आठवीत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून ती गोष्ट सांगितली. सरांनी पाठीवर हात ठेवला, तो अजून आठवतो. तुमच्या शाळेत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, ताई. त्यांच्यासाठी तरी हा फलक लावाच.

पाटोदेकर
दख्खनी, माणूस थोर, वाद नाही. पण ते हैदराबादचे, आजच्या तेलंगणातले. ताई मराठवाड्याचे पाच मागतायत.

बालाघाट
पाटोदेकर, तेव्हा आपण सगळे एकाच संस्थानात होतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सगळे हैदराबादचेच जिल्हे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी कुठला? लातूरचा वकील. मारायला लावणारा आपल्या मातीत वाढलेला, मग मरणाऱ्याला परका कसं म्हणायचं?

पाटोदेकर
हे पटलं. माघार घेतो.

शिऊरकर
अनंतरावांबद्दल मी लिहितो. ते आमच्या वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचे, जन्म १९१९ चा. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, मग वाघमाऱ्यांच्याच 'मराठवाडा'चे संपादक, आणि दोन दशकांहून जास्त काळ ती खुर्ची सांभाळली. ऑक्टोबर १९९१ मध्ये गेले. संग्रामाचा इतिहासही त्यांनीच लिहून ठेवला, त्यामुळे आज आपण जे तपशील बोलतो त्यातले बरेच त्यांच्याच लेखणीतून आलेले.

माझे वडील तलाठी होते. पगार झाला की पेपरवाल्याचे पैसे आधी वेगळे काढायचे, मग किराणा. अग्रलेख मोठ्यानं वाचायचे, आम्हाला कळो न कळो. मराठवाड्याला पाणी का मिळत नाही, रेल्वे का अरुंद, नोकऱ्या पुण्या-मुंबईलाच का, हे प्रश्न मी पाठ्यपुस्तकात वाचलेच नाहीत. ते आमच्या ओसरीवर ऐकले. आपला भाग मागं राहिला तो नशिबानं नव्हे, कुणीतरी निर्णय घेतल्यामुळं किंवा न घेतल्यामुळं राहिला, हे भान त्या पेपरनं दिलं. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन झालं तेव्हा रस्त्यावर उतरलेली कितीतरी पोरं हे अग्रलेख ऐकतच मोठी झाली होती.

नरहर कुरुंदकरही त्यात लिहायचे. दिवाळी अंक तर आमच्याकडे पाहुण्यांनाही मागितल्याशिवाय मिळत नसे.

नागसेनवन
शिऊरकर, तुमच्या ओसरीवरचं खरं आहे, मी खोडत नाही. पण माझ्या घरातलंही ऐका.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना टेंभुर्णीत मारलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतली माणसं आठ दिवस उसात झोपली. आमच्या गावात तेव्हा येणाऱ्या एका पेपरात त्या आठवड्यात काय आलं? विद्यार्थ्यांच्या भावना, प्रदेशाची अस्मिता. जळालेल्या घरांच्या बातम्या आतल्या पानावर, चार ओळींच्या. वडील शिक्षक होते, तो पेपर रोज घ्यायचे. त्या दिवसापासून त्यांनी तो घरात येऊ दिला नाही. "अक्षर शिकवलं त्यानंच तोंड फिरवलं," एवढंच बोलले.

आणि 'मराठवाडा' दैनिकानं, अनंतरावांनी, नामांतराला विरोध केला, ही नोंद सगळ्यांसमोर आहे. त्यांनी हिंसेचं समर्थन केलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाच्या शब्दावर अख्खा प्रदेश विश्वास ठेवत होता, त्याचा शब्द त्या वेळी आमच्या बाजूनं उभा राहिला नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षं आणि त्यात गेलेले जीव, हे तुमच्या फलकावर कुठं बसणार?

फलक काढा असं म्हणत नाही. नुसता हार घालू नका, एवढंच.

शिऊरकर
नागसेनवन, दोनदा वाचलं. उत्तर लगेच लिहिलं नाही.

वडील नामांतराच्या विरोधात होते. मी कॉलेजात गेल्यावर आमचे त्यावरून कडाक्याचे वाद झाले. ते म्हणायचे, 'मराठवाडा' या नावासाठी आम्ही तुरुंग भोगलाय. मी म्हणायचो, नाव तर राहतंयच, पुढं बाबासाहेबांचं लागतंय. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढून आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना शिक्षणाच्या दारात आणणारा माणूस तोच ना? वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. मला अनंतराव तरीही मोठे वाटतात, आणि या एका प्रश्नावर चुकले असंही वाटतं. या दोन्हीतलं एक सोडून दे म्हणाल तर जमणार नाही.

ताई, फलकावर हेही लिहा. सातवीच्या मुलांना कळतं.

वसमतची_हळद
+१. आमच्या घरी आजही या विषयावर जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे. म्हणजे बोलायची गरज अजून संपलेली नाही.

नागसेनवन
शिऊरकर, धन्यवाद. मनापासून.

मग तिसरा फलक माझा: गंगाधर पानतावणे. औरंगाबादहून 'अस्मितादर्श' काढलं, साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं आणि दशकानुदशकं चालवलं. कोण कुठल्या खेड्यातला पोरगा पोस्टकार्डावर कविता पाठवायचा, तिला सर उत्तर द्यायचे. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर त्यांनी संशोधन केलं: 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, मग 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. बाबासाहेब हे पत्रकार आणि संपादकही होते, ही ओळख मला सरांमुळे झाली. ते २०१८ मध्ये गेले. तुम्ही म्हणाल हे नियतकालिक, वर्तमानपत्र नव्हे. पण ज्यांची बातमी वर्तमानपत्रात येत नव्हती त्यांचं तेच वर्तमानपत्र होतं.

मोसंबीबाग
सीमेपलीकडचं एक नाव सुचवतो. मुकुंदराव पाटील, 'दीनमित्र'. १९१० मध्ये सुरू झालं, नेवासा तालुक्यातल्या तरवडीहून निघायचं. तरवडी म्हणजे खेडं! शहरात छापखाना चालवणं मुश्कील, या माणसानं तो खेड्यात चालवला, आणि सत्यशोधक विचार शेतकऱ्याच्या भाषेत मांडला. गंगापूर-पैठणहून गोदावरी ओलांडली की नेवासा.

पाटोदेकर
आता मी नगर जिल्हा मोगलाईत होता का विचारणार होतो, पण मघाशी एकदा माघार घेतलीय, दुसऱ्यांदा घ्यायची तयारी नाही. :)

डावाहात
मी ट्रेडल मशीनच्या छापखान्यात एकवीस वर्षं खिळे जुळवले. आधी परळीत, मग परभणीत. तुम्ही सगळे संपादकांबद्दल बोलताय, मी त्याखालचं सांगतो.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची धातूची पट्टी, उजव्या हातानं केसमधून, म्हणजे खान्यांच्या पेटीतून, खिळा (शिशाचं अक्षर) उचलायचा. इंग्रजीवाल्याचं काम थोड्या खान्यांत भागतं. मराठीला जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार. केस समोर पसरली की हात लांबवावा लागायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आम्ही उलटंच वाचायचो, सरळ वाचण्याइतक्या वेगानं. रात्री अकराला अग्रलेखाचा शेवटचा कागद यायचा. संपादकाचं अक्षर असं की घरच्यांना वाचता येत नसे, पण कंपोझिटरला यायचं.

आमच्याकडे 'ळ' कमी पडायचा. दुष्काळाचं वर्ष होतं, १९७२. दुष्काळ, नळ, वेळ, मोळी, जळण. सगळ्या बातम्यांत 'ळ'. पहिलं पान जुळवतानाच खाना रिकामा. मग सायकलवर शेजारच्या छापखान्यात जाऊन ओंजळभर 'ळ' उसने आणायचे. तो मालक म्हणायचा, "पाऊस पडू द्या, मग परत करा." पाऊस पडला त्या वर्षी मी खरोखर पुडी बांधून परत नेऊन दिले.

आता मुद्दा. पान छापून झालं की फर्मा, म्हणजे आवळून बांधलेलं खिळ्यांचं पान, सोडायचा. एकेक खिळा धुऊन परत आपल्या खान्यात. कालच्या बातमीची अक्षरं आज दुसऱ्या बातमीत. म्हणजे आमच्याकडे काहीच उरत नसे. उरायचा तो फक्त छापलेला कागद, आणि कागद गेला रद्दीत. बालाघाट यांच्या आजोबांनी अंक जिवाच्या भीतीनं जाळला, तो समजू शकतो. पण पुढं स्वातंत्र्यात आपण किलोवर विकले. मी काम केलेल्या एका छापखान्यानं जुन्या अंकांच्या फायली मशीनसकट भंगारात घातल्या. मी तिथं उभा होतो. दोन वर्षांची फाईल मागितली तर वजन करून पैसे सांगितले. तेवढे खिशात नव्हते.

ताई, एक फलक नाव नसलेल्यांचा ठेवा.

गोदाकाठी
काका, तुमचा प्रतिसाद शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवला. एक विचारू? तुमच्या छापखान्यात बायका होत्या का?

डावाहात
घडी घालायला होत्या. रात्री बाराला यायच्या, पहाटे चारला जायच्या. शंभर घड्यांमागे पैसे. केसवर एकही नव्हती.

पैठणी_पदर
माझी आई घड्या घालायची. औरंगाबादेत. शाई तिच्या तळहाताच्या रेषांत बसलेली असायची, लिंबानं घासली तरी जात नसे. तिला वाचता येत नव्हतं. पण फोटो बघून सांगायची, आज कुठं अपघात झाला, आज कोण मंत्री येऊन गेला.

संपादक बाई म्हणाल तर 'दीनबंधू' चालवणाऱ्या तानुबाई बिर्जे, शंभर वर्षांपूर्वीच्या. पण त्या आपल्याकडच्या नव्हेत. ताई, तुमच्या भिंतीवर बाईचा एकही फलक नसेल तर मुलींना काय वाटेल?

औसेकर
नाव नसलेल्यांत तालुक्याचा वार्ताहर धरा. पगार नाही, एजन्सी हेच उत्पन्न, त्यातही न खपलेल्या अंकांचा, रिटर्नचा, हिशोब अंगावर. बातमीचा लिफाफा एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा. आमच्याकडे पेपर यायचा दुपारच्या गाडीनं, गाडी बिघडली की दुसऱ्या दिवशी. तोवर परभणी आकाशवाणीवर सगळं ऐकून झालेलं असायचं, तरी लोक स्टँडवर पेपरची वाट बघायचे. रेडिओनं सांगितलेलं खरं का, हे छापून आल्यावर ठरायचं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. आमच्या गल्लीतल्या वार्ताहर काकांचं वह्या-पेनांचं दुकान होतं. उजाडताच सायकल काढून निघाले, संध्याकाळी परतले ते धुळीनं पांढरे. दुकान उघडलं नाही, आठ दिवस उघडलं नाही. रोज जायचे, गावागावांतून नावं लिहून आणायचे: कोण गेलं, कोण कुठल्या दवाखान्यात, कुठलं लेकरू कुणाकडं आहे. फोन लागला की ती नावं एकेक करून सांगायचे. आडनाव चुकलं तर पुन्हा. समोरचा कंटाळला तर ओरडायचे, "ही बातमी नाही, ही माणसं हायत!"

पुण्या-मुंबईचे लोक मोठमोठे लेख लिहून गेले, चांगलेच लिहिले. पण मुंबईत कामाला गेलेल्या पोराला आपली आई जिवंत आहे हे कळलं ते त्या यादीतल्या एका ओळीवरून. काकांचं नाव त्या यादीखाली कधी आलं नाही. 'वार्ताहराकडून', एवढंच.

नांदेडी
उशिरा आलो. नांदेडच्या 'प्रजावाणी'चे सुधाकरराव डोईफोडे कसे राहिले? मीटरगेजचे रूळ रुंद व्हावेत म्हणून त्यांनी लेखही लिहिले आणि आंदोलनातही उभे राहिले. आज मुंबईला जाताना मनमाडला गाडी बदलावी लागत नाही, त्यामागे अशा लोकांचा रेटा आहे. बीडचं 'झुंजार नेता', 'चंपावतीपत्र', लातूरचं 'एकमत', अशी जिल्ह्याजिल्ह्यातली दैनिकं आहेत. सगळं औरंगाबादभोवतीच फिरतंय धाग्यात.

वसमतची_हळद
नांदेडींचं बरोबर आहे. १९८२ मध्ये 'लोकमत' औरंगाबादला आल्यावर जिल्हा पानं, रंगीत छपाई, सगळंच बदललं आणि जुनी कितीतरी दैनिकं मागं पडली. खुद्द 'मराठवाडा' पुढं बंद झाला. काहींना ते दुःख वाटतं. माझ्या गावाची बातमी मात्र तेव्हा पहिल्यांदा रोज छापून येऊ लागली, हेही सांगायला हवं.

शिऊरकर
आणि तरी दुःख वाटतंच.

गोदाकाठी
मंडळी, ठरवलं. मुख्याध्यापकांशी दोनदा भांडून ठरवलं.

पहिला: आ. कृ. वाघमारे, आणि त्याच फलकावर बालाघाट यांच्या आजोबांचं ज्वारीचं पोतं. दुसरा: शोएबुल्लाह खान. तिसरा: अनंत भालेराव, नामांतराच्या भूमिकेसकट, शिऊरकर आणि नागसेनवन या दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी लिहीन, मधे माझं काही नाही. चौथा: गंगाधर पानतावणे. पाचव्या फलकावर व्यक्तीचं नाव नाही. खिळे जुळवणारे, घड्या घालणाऱ्या, वार्ताहर. पैठणी_पदर, तुमच्या आईच्या तळहाताबद्दलची ओळ तिथं घेऊ का?

नांदेडी, डोईफोडे बसवता आले नाहीत याची खंत आहे. रेल्वेचा धडा भूगोलात आहे, तिथं मी त्यांना घेणार.

पाचव्या फलकावर चित्र काय लावावं, तेवढं सुचत नाहीये.

पैठणी_पदर
घ्या. तिला वाचून दाखवीन.

दख्खनी
ताई, अब्बांना सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग विचारलं, शाळा बीडपासून किती लांब आहे.

डावाहात
चित्र नको. छापखाना बंद झाला त्या दिवशी माझी स्टिक मी घरी आणली होती. तिच्यात तुमच्या शाळेचं नाव जुळवून देतो, मुलांना उलटं वाचू द्या. आरशात धरली की सरळ दिसेल, त्यामुळे भिंतीवर एक छोटा आरसा टांगा. परभणी-माजलगाव सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे देईन, तारीख तुम्ही सांगा. शाळेच्या नावात 'ळ' असेल तर आधीच कळवा, मला शोधावा लागेल.

गोदाकाठी
काका, दोन आहेत.